आप्पांची बुर्जी

लातूर जिल्हा झाला तेव्हा आमच्या गावाला शिंगं फुटली, ती मी या डोळ्यांनी पाहिली आहेत. कालपर्यंत एकेका कागदासाठी उस्मानाबादेला हेलपाटे घालणारी माणसं एकदम जिल्ह्याच्या ठिकाणची झाली. न्हाव्याने पाटीवर 'जिल्हा केशकर्तनालय' रंगवून घेतलं. गोलाईच्या बाजारातल्या भेळवाल्याने गाड्यावर 'जिल्हा भेळ' लिहिलं; भेळ तीच, कांदा कमी. पुढे पावसाने पाठ फिरवली, नळ कोरडे पडले, टँकर आला की बायका घागरी घेऊन एकमेकींच्या अंगावर धावायला लागल्या. त्या भांडणातही एखादी म्हणायची, "नीट बोल गं, जिल्ह्याची बाई हाय मी!"

आमचे सासरे महादेवप्पा. घरात आणि बाजारात सगळे त्यांना आप्पा म्हणतात. तुरीची आडत, डाळीची गिरणी, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आणि त्या पट्ट्यांखाली आपल्याला सगळं कळतं असा कायमचा भाव. जिल्ह्यापाठोपाठ जिल्हा संघटनांचं पेव फुटलं. कुस्तीचं अध्यक्षपद कुठल्याशा पुढाऱ्याच्या मेव्हण्याने पळवलं, कबड्डीचं पेट्रोल पंपवाल्याने. बुद्धिबळ कुणालाच नको होतं, म्हणून ते आप्पांकडे आलं. आप्पांनी तोंड असं केलं, जणू सगळ्या गावाने पाया पडून गळ घातली होती.

आप्पांना बुद्धिबळ येत नव्हतं असं नाही. पण येत होतं ते देशी. आडतीच्या गादीवर दुपारची जेवणं झाल्यावर पोटावर हात फिरवत खेळतात ते. त्यात प्यादं एकच घर चालतं. समोरच्याचं शेवटचं मोहरं मारलं आणि नुसता राजा उरला, की 'बुर्जी' म्हणायचं; डाव बरोबरीत, आणि चहा मागवायचा. "उघड्या राजाला काय मारायचं? ते मर्दाचं काम न्हाई," हे आप्पांचं आवडतं वाक्य. देशीत आणखी एक आहे. राजाला शह न देता नुसतं कोंडलं, त्याला हलायला एकही घर ठेवलं नाही, तर ते चालत नाही. कोंडणाऱ्याने आपली खेळी मागे घ्यायची आणि दुसरी करायची. बाहेरच्या जगात दोन्ही गोष्टी उलट्या आहेत. तिथे उघड्या राजालाही मात करतात, आणि कोंडी झाली की डाव बरोबरीत सुटतो. पण बाहेरच्या जगाने आप्पांना विचारून नियम केले नव्हते, म्हणून आप्पांना ते मान्य नव्हते.

मी बाहेरचा खेळ शिकून या घरात आले. माझे संगप्पामामा हैदराबादला रेल्वेत होते. सुट्टीत उदगीरला आले की मला समोर बसवायचे आणि हरवायचे. पोर आहे म्हणून त्यांनी मला एकदाही सोडलं नाही. मी रडायचे, ते मोहरी पुन्हा मांडायचे. माझ्या लग्नातल्या ट्रंकेत पट आला तो त्यांचाच. पहिल्या श्रावणात आप्पांनी मोठ्या कौतुकाने मला खेळायला बसवलं, आणि मी त्यांना मात केली. "ही इंग्रजी चलाखी हाय," म्हणून ते उठले, ते पुन्हा कधी माझ्यासमोर बसले नाहीत. राहता राहिले आमचे हे, विरूपाक्ष. ते म्हणाले, "तू जिंकलीस तरी छान, हरलीस तरी छान." अशा माणसाशी धड भांडताही येत नाही.

तर पुण्याहून आप्पांच्या संघटनेला निरोप आला की राज्य महिला स्पर्धेसाठी नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांनी मिळून एक बाई निवडून पाठवावी. सोबत इंग्रजी नियमांचं छापील पुस्तक आलं. आप्पांनी त्याला विभूती लावून देव्हाऱ्याशेजारी ठेवलं आणि ते पुन्हा कुणी उघडलं नाही. लातूरची बाई कुठून आणायची हा प्रश्न आला, तेव्हा त्यांना सून आठवली.

घरात चार पाहुणे बसलेले असताना त्यांनी मला बोलावून सांगितलं, "शिवकांता, अजिंक्यपद आपल्या घरात आलं, तर तुला पुण्याला पाठवतो. शब्द हाय माझा. आणि न्हाई आलं, तर तो पट माळ्यावर टाकायचा. मग पुन्हा खेळाचं नाव काढायचं न्हाई."

पाहुणे वा वा म्हणाले. केवढा मोठा न्याय! पट माझा, खेळणारी मी, आणि माळा त्यांचा. सासूबाई गुरम्मा यांनी त्याच दिवशी माळ्यावरची जागा झाडून घेतली. मला पुणं हवं होतं. इतकं हवं होतं की भाकरी थापताना मला पीठ दिसत नव्हतं, पट दिसत होता.

पहिल्या फेऱ्या नांदेडला झाल्या. लातूरची माणसं नवी म्हणून फुगलेली, तर नांदेडची जुनी म्हणून. गोदावरी आपणच खणून आणल्यासारखं बोलतात. तिथल्या संयोजकाच्या बायकोने मला दारातच विचारलं, "तुमच्याकडं पानी न्हाई म्हनं. अंघोळ करून घेता का?" मी अंघोळ केली नाही, तिच्या गावच्या दोन बायकांना हरवलं. लातूरच्या बाकीच्या दोघींना घोडा कसा चालतो हे मीच शिकवलं होतं, त्यामुळे त्यांची चिंता नव्हती. शेवटी मी अर्ध्या गुणाने पुढे राहिले आणि माझ्यामागे उरली उमरीची पंचफुला.

पंचफुला नांदेडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. वडील ज्ञानोबा उमरीकडे शाळामास्तर, घर बौद्धांचं. तिला खेळताना पाहून मला हसू यायचं. घोडा उचलायची तो कान धरून. शह द्यायची तो अशा आवाजात, की 'लाइन व्यस्त आहे, थोड्या वेळाने प्रयत्न करा.' हिला मी झोपेत हरवीन, असं मी यांना सांगितलं. "छान," हे म्हणाले.

आमच्या दोघींचा शेवटचा डाव लातूरला ठरला, कारण कलेक्टर यायला तयार झाले होते. जागा आप्पांच्या गोदामाची. एरवी तिथे छपरापर्यंत तुरीची पोती असायची. दुष्काळात गोदाम रिकामं, म्हणून खेळाला जागा. व्यासपीठ, गालिचा, गुलाबदाणी, सगळं आलं. सकाळी टँकर आला तेव्हा बायका घागरी घेऊन धावल्या, तर आप्पांच्या माणसांनी त्यांना हाकलून लावलं आणि टँकर गोदामासमोर रिता केला. साहेबांच्या गाडीने धूळ उडू नये म्हणून! तेवढ्या पाण्यात आमच्या गल्लीचं दोन दिवस भागलं असतं. बायका ओल्या मातीकडे बघत उभ्या होत्या. मला तिथेच आप्पांच्या पगडीवर एखादी घागर उपडी करावीशी वाटली, पण घागरी रिकाम्याच होत्या.

नांदेडकडून पंचफुला एकटी आली. तिच्या संघटनेचे लोक आलेच नाहीत. लातूरचं पाणी बाधेल अशी त्यांना भीती असावी. ती रात्रपाळी संपवून पहाटेच्या एसटीत बसली होती आणि तिचे डोळे लाल होते. हातात एक पिशवी आणि फिरकीच्या झाकणाचा तांब्या.

सरबत आलं. स्टीलचे पेले व्यासपीठावर फिरले, मग आमच्याकडे. ट्रे धरणारा आप्पांचा मुनीम मलप्पा माझ्यापुढे झटकन वाकला आणि पंचफुलापुढे थबकून आप्पांकडे बघायला लागला. आप्पा गुलाबदाणीकडे बघत होते. पंचफुलाने तांब्या वर करून दाखवला. "ऱ्हाऊ द्या भाऊ. माझं हाय माझ्यापाशी."

मलप्पाचा जीव भांड्यात पडला. तो गेल्यावर मी तिला विचारलं, "लातूरला पाणी नाही म्हणून नांदेडहून आणलंत होय?"

"पानी असंल की तुमच्याकडं," ती मोहरी लावता लावता म्हणाली. "पन कंचा पेला द्यावा ह्याचा लोकांना लई घोळ व्हतो. कशाला तरास द्यावा?"

माझा पेला मी तसाच खाली ठेवला.

कलेक्टर उशिरा आले, भाषणं त्याहून उशिरापर्यंत चालली. आप्पाच अध्यक्ष, आप्पाच पंच. माझ्यामागे येऊन ते कानात म्हणाले, "तुला बरोबरी पुरते. जास्त शहाणपना करू नको. दहा-बारा चाली खेळ आन् हात मिळव." मग मोठ्याने, साहेबांना ऐकू जाईल असं, "निर्भयपणे खेळा, मुलींनो!"

पंचफुलाची पांढरी मोहरी. तिने राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं. इथे मीही माझं राजापुढचं प्यादं समोर भिडवलं असतं, तर डाव शांतपणे, सभ्यपणे बरोबरीकडे गेला असता. मी वजिराच्या बाजूच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं टाकलं. सिसिलियन. मामांनी शिकवलेली माझी आवडती सुरुवात. तिच्यात दोघं समोरासमोर उभे राहत नाहीत. एक या अंगाने घुसतो, दुसरा त्या अंगाने, आणि शेवटी कुणीतरी एक मोडतो. बरोबरी हवी असलेल्या माणसाने तिच्या वाटेला जाऊ नये. मला बरोबरी नकोच होती. आप्पांनी दिलेली तर मुळीच नको होती.

आप्पांच्या कपाळावर आठ्या पडल्या. काळं प्यादं, दोन घरं, तेही बाजूचं! तेवढ्यात साहेबांनी विचारलं, "ही कुठली पद्धत?"

आप्पा क्षणभरच अडखळले. "ही लातूर पद्धत, साहेब," म्हणाले.

साहेबांनी मान डोलावली. पुढे लातूरच्या नावाची पद्धत शिक्षणात गाजली, तेव्हा मला आप्पांची आठवण आल्याशिवाय राहिली नाही.

डाव रंगला तो माझ्या बाजूने. माझे दोन्ही हत्ती मोकळ्या रांगेत येऊन बसले, तिचा एक उंट खुंट्याला बांधल्यासारखा झाला, तिच्या राजापुढची प्यादी विस्कटली. पंचफुला मान खाली घालून कपाळ चोळत होती. मी जिंकत होते, आणि मला ते कुणीतरी पाहायला हवं होतं. मी मान वर करून आप्पांकडे पाहिलं. आप्पा साहेबांसाठी सुपारी कातरत होते. यांच्याकडे पाहिलं, तर हे गालातल्या गालात हसले. यांना काही कळलेलं नव्हतं. या गोदामात एकालाही कळत नाही, असं म्हणत मी रागारागाने हत्ती पुढे ठोकला.

एकीला कळत होतं. तिने घोडा कान धरून उचलला आणि अशा घरात ठेवला की माझ्या राजाला शह, आणि पलीकडे माझ्या हत्तीवर नेम. "शह," ती म्हणाली. लाइन व्यस्त आहे.

हत्ती गेला. मी काय काय केलं नाही! एक प्यादं पळवत नेलं, ते अडवायला तिला तिचाही हत्ती द्यावा लागला, मोहऱ्यांमागून मोहरी गेली. माझ्या घशाला कोरड पडली. सरबताचा पेला मलप्पा कधीच घेऊन गेला होता, आणि पाण्याचं पिंप व्यासपीठामागे, साहेबांच्या खुर्चीजवळ. पंचफुलाने पटावरची नजर न काढता तांब्या माझ्याकडे सरकवला. मी फिरकी काढली आणि घटाघटा प्यायले. मागे कुणीतरी खाकरलं. आप्पांचा सुपारीचा अडकित्ता थांबला होता. इतका वेळ डावाकडे लक्ष नसलेल्या माणसाला हे बरोबर दिसलं.

शेवटी दोघींकडे एकेक राजा आणि एकेक प्यादं उरलं. तिचा राजा माझ्या प्याद्याजवळ आधी पोचला. तिने ते मारलं. आता माझा नुसता राजा, आणि तिचं प्यादं वजीर व्हायला धावत सुटलेलं. मी हरले होते. माळ्यावरची झाडलेली जागा मला स्वच्छ दिसली.

"बुर्जी!" आप्पा ओरडले.

ते हात वर करून उभे होते. "बुर्जी झाली! डाव बरोबरीत! अजिंक्यपद लातूरला!" टाळ्या पडल्या. बाहेर हलगीवाला बसवून ठेवला होता, तो सुरू झाला. मलप्पा हार घेऊन धावला.

"काका, डाव संपला न्हाई," पंचफुला म्हणाली.

"संपला, पोरी. उघड्या राजाला मारायचं नसतंय. ते मर्दाचं काम न्हाई."

"काका, हितं मर्द कोन हाय?"

कुणीतरी फिसकन हसलं. आप्पांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पंचफुलाने सगळीकडे पाहिलं. तिच्या बाजूचं तिथे चिटपाखरूही नव्हतं. मग ती माझ्याकडे पाहायला लागली.

मी गप्प राहिले असते तर पुणं माझं होतं. खोटं बोलायचीही गरज नव्हती, फक्त मान खाली घालून हार घ्यायचा. आणि खरं सांगते, मी मान खाली घातली. हार जवळ आला. तेवढ्यात आप्पा साहेबांकडे वाकून हसत हसत म्हणाले, "घरची सून हाय, साहेब. बायामाणसांना जरा सांभाळून घ्यावं लागतंय."

सांभाळून! लहान असताना मामांनी मला रडवलं पण सांभाळून घेतलं नव्हतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मलप्पाच्या हातातला हार मी बाजूला सारला.

"आप्पा, बुर्जी तुमच्या गादीवर. इथे नाही. मी अजून हरले नाही आणि बरोबरीही झालेली नाही. तुम्ही खाली बसा."

सासऱ्याला, चारचौघांत, कलेक्टरसमोर, 'खाली बसा.' हलगी बंद पडली. सासूबाईंनी पदर तोंडात घातला. साहेब म्हणाले, "खेळू द्या ना," तेव्हा आप्पा बसले. त्यांचा चेहरा असा झाला होता की तुरीचा भाव पडला तेव्हाही मी तसा पाहिला नव्हता.

पंचफुलाने प्यादं पुढे नेलं आणि त्याचा वजीर केला. मी राजा घेऊन कोपऱ्याकडे निघाले. हरणाऱ्याच्या राजाला कोपऱ्यात ढकलत न्यावं लागतं. मी आपण होऊन धावत गेले. भोळेपणाने नव्हे. दमलेल्या, जागलेल्या माणसाचा हात कोपऱ्यातच चुकतो, हे मामांनी मला माझ्याच हाताच्या चुका दाखवून शिकवलं होतं. पुण्याची आशा मी सोडली नव्हती. फक्त ती मला माझ्या हाताने हवी होती.

तिचा राजा जवळ आला. तिने डोळे चोळले, वजीर उचलला आणि ठेवला.

मी राजाला हात लावला नाही. माझ्या राजाला शह नव्हता. बाजूची तिन्ही घरं वजिराने रोखलेली. माझं पटावर दुसरं मोहरं नाही. पंचफुलाच्याही लक्षात आलं. तिने ओठ चावला.

"बरोबरी," मी म्हणाले.

"कशी काय बरोबरी?" आप्पा ताडकन उठले. आता त्यांच्या अंगात बळ आलं होतं. "कोंडी चालत न्हाई. राजाला घर ठिवायलाच पायजे. मघाशी सूनबाई नियम सांगत होती ना? मग हा घ्या नियम! पोरी, खेळी मागं घे. वजीर उचल आन् दुसरीकडं ठेव." मग साहेबांकडे वळून, "बघा साहेब, स्वतःची सून असली म्हणून काय झालं? लातूर न्याय करतंय."

पुन्हा टाळ्या. मघापेक्षा जास्तच. माझी बरोबरी खोटी होती तेव्हा त्यांनी मला दिली, आणि खरी झाली तेव्हा न्याय म्हणून काढून घेतली. आणि मला काही बोलताही येईना. मघाशी मी माझ्याविरुद्ध बोलले, तेव्हा सगळ्यांनी ऐकलं. आता तोंड उघडलं असतं, तर सून पुण्यासाठी भांडते असंच झालं असतं. मी दातांवर दात दाबून बसले.

पंचफुलाचा हात वजिरावर होता. एक घर इकडे ठेवला की दोन चालींत मात. ती जिंकली असती, पुण्याला गेली असती, आणि तिला बोल लावायला आख्ख्या गोदामात कुणी नव्हतं. पंच स्वतः आग्रह करत होते.

"घे गं," आप्पा म्हणाले. "भिऊ नको. मी परवानगी देतोय ना!"

"तुमी कोन देनार?" पंचफुला म्हणाली. तोच आवाज, लाइन व्यस्त आहे. "वजीर ठिवला तो ठिवला. कोंडी झाली, डाव बरोबरीत." तिने पटावरून माझ्याकडे हात पुढे केला. "ताई, बरोबरी."

मी तो हात धरला. दोघीही राजी म्हटल्यावर देशीतही बरोबरीच होते, इतकं तर गादीवरच्या माणसांनाही कळत होतं. आप्पांचं तोंड उघडंच राहिलं. आता हा माणूस काय करणार, म्हणून मी बघत होते. तर आप्पांनी मलप्पाच्या हातातला तोच हार घेतला, माईकपाशी गेले आणि घसा साफ करून म्हणाले, "मंडळी, मी मघाशीच सांगितलं होतं, डाव बरोबरीत हाय. पंचाचा निकाल शेवटपर्यंत कायम राहिला!"

लोकांनी काय करावं? टाळ्या वाजवल्या. साहेबांनी आप्पांचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. एकाने तर त्यांच्या दूरदृष्टीवर दोन शब्द सांगितले. हलगी पुन्हा सुरू झाली. हार शेवटी कुणाच्या गळ्यात पडला, ते सांगायला नकोच.

पंचफुलाला एसटीवर सोडायला मी एकटी गेले. यांना चला म्हटलं तर हे आप्पांकडे बघायला लागले. स्टँडवर मी तिला विचारलं, "खेळी मागे का घेतली नाहीत? मी असते तर घेतली असती."

"खोटं," ती म्हणाली. "तुमी बुर्जी घेतली न्हाई, मंग मी खेळी कशी मागं घ्यावी?" मग बसच्या खिडकीतून वाकून तिने तांब्या हलवून पाहिला. "समदं पिलात की वो तुमी!" आणि पहिल्यांदा हसली.

चारचौघांत दिलेला शब्द आप्पांना मोडता आला नाही. मी पुण्याला गेले. तिथे माझा पार निकाल लागला. सिसिलियन म्हणजे काय हे मला वाटत होतं त्याच्या दसपट त्या पुण्या-मुंबईच्या मुलींना ठाऊक होतं. एका डावात माझ्यासमोर दोन वेण्यांची शाळकरी मुलगी होती. तिने माझं शेवटचं प्यादं मारलं, माझा नुसता राजा उरला, आणि मी सवयीने मान वर करून पाहिलं. कुणी उठलं नाही. कुणी हात वर केला नाही. ती मुलगी पेपरमिंट चघळत चघळत माझ्या उघड्या राजामागे लागली आणि तिने शांतपणे मात केली. मी राजा आडवा केला. मला इतकं बरं वाटलं, की तिला काय झालं ते कळेना. ती माझ्याकडे बघतच राहिली.

घरी परत आले तेव्हा आप्पा ओसरीवर बसले होते. तुच्छतेने पाहावं की अध्यक्ष म्हणून आस्था दाखवावी, हे त्यांचं ठरत नव्हतं.

"काय झालं पुण्याला? बुर्जी किती झाल्या?"

"एकही नाही, आप्पा. हरले. चांगली हरले."

सासूबाईंनी माळ्याकडे पाहिलं. मी ट्रंक उघडली, पट काढला, ओसरीवर आप्पांच्या पुढ्यातच अंथरला आणि दोन्ही बाजूंची मोहरी लावली. पांढरी त्यांच्याकडे वळवली.

"बसता?" मी म्हणाले.

आप्पांनी पटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पगडी उचलली. तूर नाही म्हणून गिरणीला महिनोन्महिने कुलूप होतं, पण त्यांना गिरणीत काम निघालं.